अधिक-उणे तीन मीटर

रंगाने पिवळा-काळा, बांध्याने आटोपशीर, मुठीत मावेल एवढा. पोटात दोन पेन्सिल सेल घातले तरी वजन दीडशे ग्रॅमच्या पुढे जात नाही. छातीवर छोटा काळा-पांढरा पडदा, वरच्या अंगाला अंगठ्याने हलवायची बोंडी आणि दोन्ही कुशींना मिळून पाच बटणं. गार्मिन कंपनीचा ईट्रेक्स 10 हे त्याचं कागदोपत्री नाव. आष्टी तालुक्यातल्या कडा गावच्या शिवारात या नावाने त्याला कुणी ओळखत नाही. पाणलोटाच्या कामाला निघालो आणि खिशातून तो बाहेर काढला, की म्हातारी माणसं त्याला 'सरांचं यंत्र' म्हणतात आणि पोरं 'पिवळ्या' म्हणतात. मलाही पिवळ्याच म्हणावंसं वाटतं.

आजच्या मोबाइलशेजारी ठेवला तर तो जुन्या काळातला वाटतो. तो बाजारात आला 2011 साली. त्याला फोटो काढता येत नाही, फोन लावता येत नाही. नकाशा आहे, पण नावापुरता. पडद्यावर खरी उमटते ती आपण चाललो ती रेघ आणि वाटेत ठेवलेल्या खुणा. तरीही कडा आणि आष्टीच्या परिसरातल्या विहिरी, पाझर तलाव, सिमेंटचे नालाबांध यांची नोंद घ्यायची असली की मी त्यालाच बरोबर घेतो. कारण सांगायचं तर त्याचा स्वभाव सांगावा लागेल.

पिवळ्या ऐकणारा आहे, बोलणारा नाही. पुष्कळांना वाटतं की असं यंत्र उपग्रहाला विचारतं, 'मी कुठे आहे?' आणि उपग्रह त्याला उत्तर पाठवतो. तसं काही घडत नाही. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरणारे जीपीएसचे उपग्रह अखंड एकच गोष्ट सांगत असतात: मी अमुक, या घटकेला तमुक जागी आहे, आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ बसवलेलं असतं. पिवळ्या ती घोषणा ऐकतो, ती निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ गेला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या लहरीत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची गफलत झाली तरी अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. पिवळ्याचं स्वतःचं घड्याळ साधं आहे. म्हणून त्याला तीन उपग्रह पुरत नाहीत, चार लागतात. तिघांकडून जागा कळते आणि चौथ्याच्या मदतीने तो आपल्या घड्याळातली चूक काढून टाकतो.

तो कुणाला काहीच पाठवत नसल्यामुळे त्याला सिमकार्ड लागत नाही, रेंज लागत नाही, रिचार्ज लागत नाही. डोंगराच्या कुशीत मोबाइलची एकही काडी दिसत नसली तरी त्याचं काम चालू असतं. खरं तर मोबाइलमधलं जीपीएसही रेंजशिवाय चालतं. रेंज लागते ती नकाशाला. घरून निघताना त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवला, तर मोबाइलही रानात वाट दाखवतो. ही गोष्ट ठाऊक नसल्याने कित्येकांनी केवळ 'आमच्याकडं रेंज नाही' म्हणून वेगळं यंत्र विकत घेतल्याचं मी पाहिलं आहे.

त्याची घराण्याची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. जीपीएसचा पहिला उपग्रह अमेरिकेने 1978 साली सोडला आणि 1995 मध्ये सगळी यंत्रणा पूर्ण झाली. ती मुळात लष्करासाठी उभारलेली. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम बिघाड घातलेला असे, त्यामुळे जागा सुमारे 100 मीटरपर्यंत चुकायची. आपल्याकडे 100 मीटर म्हणजे एकाचं वावर ओलांडून दुसऱ्याची विहीर. 2 मे 2000 रोजी तो बिघाड काढून टाकला गेला आणि जगभरची हातातली यंत्रं रातोरात दहाएक मीटरच्या आत बोलायला लागली. पिवळ्या अमेरिकेच्या उपग्रहांबरोबर रशियाच्या ग्लोनासचे उपग्रहही ऐकतो. भारताने 1 जुलै 2013 ला स्वतःच्या मालिकेतला पहिला उपग्रह सोडला, 28 एप्रिल 2016 ला सातवा सोडला आणि त्या यंत्रणेला 'नाविक' हे नाव मिळालं. पिवळ्याच्या जन्मानंतरची ती गोष्ट असल्याने त्याच्या कानांना नाविक ऐकू येत नाही. नवं यंत्र किंवा नवा मोबाइल घेणाऱ्याने ते त्यात आहे का, हे खोक्यावर जरूर वाचावं. जितके जास्त उपग्रह ऐकू येतील तितकी दरीत, झाडाखाली आणि गल्लीत जागा लवकर आणि नेटकी सापडते.

त्याच्या आवडीनिवडी ठरलेल्या आहेत. उघडा माळ त्याला फार मानवतो. बालाघाटाच्या बोडक्या टेकडीवर उभं राहावं, वर अडसर नसावा, की तो भराभर उपग्रह गोळा करतो. दाट चिंचेखाली, वडाखाली तो चाचपडतो. पत्र्याच्या शेडला टेकून उभं राहिलं तर फसतो, कारण पत्र्यावर आपटून आलेली लहर उशिरा पोचते आणि उपग्रह आहे त्याहून लांब असल्याचा त्याचा समज होतो. विहिरीत उतरलं की तो गप्प होतो. म्हणून विहिरीची नोंद काठावरूनच घ्यायची, आणि काठाच्या कोणत्या अंगाला उभं राहून घेतली तेही लिहायचं. पुढच्या साली कुणी दुसरा आला तर त्यालाही त्याच जागी उभं राहता आलं पाहिजे.

सकाळी त्याला जागं केल्यावर धीर धरावा लागतो. उपग्रह आपापल्या मार्गाची नेमकी माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा सांगत असतो. ती पूर्ण ऐकल्याशिवाय पिवळ्या तोंड उघडत नाही. बरेच दिवस पडून राहिला असेल, तर आणखी वेळ घेतो. यंत्र सुरू करून लगेच आकडा उतरवणाऱ्याच्या वहीत चुका शिरतात त्या इथूनच. दोन मिनिटं उभं राहावं, आकडे स्थिरावू द्यावेत, जमल्यास त्याच जागेची पुन्हा पुन्हा नोंद घेऊन सरासरी काढावी. ही सोय त्याच्यातच दिलेली आहे.

खाण्यापिण्याच्या बाबतीत त्याची तक्रार नसते. दोन पेन्सिल सेलवर 25 तास चालतो आणि हे सेल कड्याच्या बाजारात कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. उन्हाळ्यात वीज नसेल, चार्जर सापडत नसेल, तरी त्याचं अडत नाही. भर दुपारच्या उन्हात मोबाइलचा पडदा काळाठिक्कर दिसतो. पिवळ्याचा पडदा मात्र उन्हात जास्तच स्पष्ट वाचता येतो. पावसाने भिजला, बंधाऱ्यात पडून लगेच काढला, तरी तो बंद पडत नाही. एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल अशी त्याची बांधणी आहे.

एक खोड मात्र आहे. एका जागी उभं राहिलं तर त्याला दिशा कळत नाही. आपण चालायला लागलो की दोन जागांमधल्या फरकावरून तो दिशा काढतो. होकायंत्र असलेली यंत्रं त्याच्यापेक्षा महाग मिळतात. रानात पायी फिरणाऱ्याला, डोंगर चढणाऱ्याला ती घेण्यात फायदा आहे. विहिरी मोजत हिंडणाऱ्याला पिवळ्याची खोड सहज चालवून घेता येते.

आता त्याचा तो गुण सांगतो, ज्यासाठी मला तो माणसांहूनही भरवशाचा वाटतो. जागा सांगताना तो आपली चूकही सांगतो. उपग्रहांच्या पानावर अक्षांश-रेखांशांच्या जोडीला एक आकडा असतो: 3 मीटर, 5 मीटर, झाडाखाली 12 मीटर. म्हणजे 'मी सांगतोय ती जागा साधारण एवढी इकडे-तिकडे असू शकते.' हीसुद्धा हमी नाही, अंदाजच. खरी जागा तेवढ्या अंतराच्या बाहेरही निघू शकते. पण निदान तो शंका दडवून ठेवत नाही. बांधावरच्या भांडणात भावकीतला प्रत्येक जण छाती ठोकून 'इथंच होता दगड' म्हणतो. अधिक-उणे कुणीच म्हणत नाही.

अशाच एका बांधावर एका वयस्कर शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "सर, ह्याला आमचा बांध माहीत हाये का?"

"बांध नाही माहीत आप्पा. आपण उभे आहोत ती जागा सांगतो. तीही तीन मीटर इकडेतिकडे धरून."

"मंग मोबाइलच बरा की. त्यो नेमका ठिपका दावतो."

"तोही तेवढंच सांगतो, आप्पा. ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, ती त्याची चूक. ते कुणी बघत नाही."

आप्पांनी मोबाइल काढला, ते वर्तुळ बोटांनी मोठं करून पाहिलं. त्यात त्यांचा बांध होता, शेजाऱ्याचा बांध होता आणि मधली लिंबाची दोन झाडंही होती. पुढे त्यांनी मोजणीचा अर्ज केला.

हा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावा असा आहे. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद जागा, जुन्या मोजणीतली एक साखळी गुणिले एक साखळी. मीटरमध्ये बाजू सुमारे 10. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आता तीन मीटरची चूक दोन्ही बाजू वाढवणारी निघाली, तर 10 बाय 10 चा तुकडा 13 बाय 13 होतो. म्हणजे एका गुंठ्याचे जवळजवळ पावणेदोन गुंठे झाले. तीच चूक एक हेक्टरच्या चौकोनी वावराला, म्हणजे 100 बाय 100 मीटरला लावा: 103 बाय 103 होतं, आणि क्षेत्र फक्त सहा टक्क्यांनी वाढतं. यंत्र तेच, चूकही तेवढीच. मोठ्या वावरात पेरणीचा, बियाण्याचा, ठिबकच्या नळीचा अंदाज घ्यायला ती चालून जाते. घराच्या प्लॉटला किंवा बांधाच्या वादाला लावली तर भाऊ भावाच्या अंगावर जातो. जमिनीच्या मोबदल्याचंही तसंच आहे. अहिल्यानगर ते परळी रेल्वेमार्ग कड्यावरून गेला. 23 सप्टेंबर 2022 ला आष्टीपर्यंत आणि 17 सप्टेंबर 2025 ला बीडपर्यंत गाडी धावली. अशा मार्गासाठी जमीन जाते तेव्हा मोबदला गुंठ्यांवर आणि आरांवर ठरतो. तिथे तीन मीटरवाल्याला बोलवायचंच नाही.

तिथे बोलवायचं त्याच्या थोरल्या भावाला. त्याचं नाव रोव्हर. सरळ काठीवर बसवलेली गोल टोपी, हातात छोटा संगणक, आणि किंमत लाखांत. तोही तेच उपग्रह ऐकतो, पण त्याला एक साथीदार असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात 77 ठिकाणी कायमची संदर्भ केंद्रं उभी केली आहेत. त्या केंद्रांना आपली खरी जागा पक्की माहीत असते. उपग्रहांवरून काढलेली जागा आणि खरी जागा यांत त्या क्षणी किती फरक पडतो आहे, ते केंद्राकडून समजतं. मग त्या फरकाची दुरुस्ती इंटरनेटवरून रोव्हरला पोचते आणि रोव्हर सेंटिमीटरांत बोलतो. भूमी अभिलेख विभाग आता मोजणीला तोच वापरतो. त्याची अडचण एकच, दुरुस्ती मिळवायला त्याला मोबाइलची रेंज लागते. पिवळ्याचं चालतं त्या दरीत हा थोरला कधीकधी अडून बसतो. आणि हद्दीच्या बाबतीत यंत्राइतकंच महत्त्व कागदाला आहे. रीतसर अर्ज, लगतच्या धारकांना नोटीस, भूकरमापकाची मोजणी आणि शेवटी हातात येणारी 'क' प्रत, यालाच कायद्यात किंमत आहे. मोबाइलवर चालून काढलेलं क्षेत्र, पिवळ्याने काढलेलं क्षेत्र, दोन्ही घरच्या हिशेबापुरतं.

धाकटा भाऊ म्हणजे मोबाइल, आणि आता तो घराघरांत आहे. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, त्याबरोबर जागेची नोंद जाते आणि पीक सातबाऱ्यावर चढतं. रोजगार हमीची विहीर असो, घरकुल असो की शेततळं, आता 'जिओटॅग फोटो टाका' हा निरोप ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर रोज फिरतो. या सगळ्या कामांना मोबाइल पुरेसा आहे, वेगळं यंत्र घेण्याची गरज नाही. फक्त फोटो काढण्याआधी जागा स्थिरावू द्या. घाईत काढलेल्या फोटोवर कधीकधी मागच्या वळणावरची जागा छापून येते, आणि मग वावरातला कांदा रस्त्यावर उगवलेला दिसतो. झाडाखालून दोन पावलं उघड्यावर या, अर्धा मिनिट थांबा, मग बटण दाबा.

मोबाइलच पुरेल असं आणखी एक काम आहे, आणि आमच्या भागात ते फार जिव्हाळ्याचं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आष्टी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. म्हातारे आई-बाप आणि कधीकधी शाळेतली पोरं मागे राहतात. रात्रीच्या ट्रॅक्टरमध्ये बसलेल्या लेकाची खूण पडद्यावर पुढे सरकताना दिसली की घरच्यांच्या जिवात जीव येतो. त्यासाठी काही विकत घ्यायचं नाही, हातातल्या मोबाइलवर 'लाइव्ह लोकेशन' कसं पाठवायचं एवढं शिकवायचं. टोळी निघण्याआधी गावात एखाद्या शिकलेल्या मुलीने हे दहा जणांना शिकवलं, तर ते मोठं काम होईल.

ट्रकवाल्याची, ट्रॅक्टरमालकाची गरज वेगळी असते. गाडी आपल्या डोळ्यांआड असताना ती कुठे आहे, हे त्याला कळायला हवं असतं. त्याला लागतो तो ट्रॅकर, म्हणजे ऐकणारा आणि बोलणारा असे दोघे एका डब्यात. उपग्रहांवरून जागा काढायची आणि सिमकार्डावरून ती मालकाच्या मोबाइलवर धाडायची. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2019 पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना असा डबा आणि धोक्याच्या वेळी दाबायचं बटण बंधनकारक केलं, तेही याच जातीचं. हा डबा घेताना जागेची अचूकता हा शेवटचा प्रश्न ठेवा. आधी विचारा, सिमकार्ड कोणत्या कंपनीचं आहे आणि आपल्या रस्त्यावर तिची रेंज आहे का? रेंज गेली तर डबा नोंदी साठवून पुढे पाठवतो का? गाडीची बॅटरी काढली तर स्वतःच्या बॅटरीवर किती वेळ टिकतो? दरवर्षी किती पैसे भरावे लागतात? पहिल्या वर्षी फुकट म्हणून घेतलेले डबे दुसऱ्या वर्षी मुके झालेले पुष्कळ आहेत.

पहाटे कडा-आष्टी रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. त्यांच्यातले काही मनगटावर जीपीएस घड्याळ बांधायचं म्हणून पैसे साठवतात. त्यांना मी जीव तोडून सांगतो की बाळांनो, हे पैसे दुधाला आणि बुटाला घाला. घड्याळ रोज किती पळालो, किती दिवस सातत्य राखलं हे छान सांगतं. पण दोन टक्क्यांची चूक झाली तर 1600 मीटरमध्ये 32 मीटरचा फरक पडतो, आणि भरतीच्या वेगात 32 मीटर म्हणजे सहाएक सेकंद. तिथे सेकंदांवर गुण ठरतात. वर्तुळाकार मैदानावर फेऱ्या मारताना ही चूक आणखी वाढते. त्यापेक्षा शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानावर टेपने 400 मीटरचं वर्तुळ आखून घ्या, चुना टाका, आणि साधं स्टॉपवॉच वापरा. टेप इथे उपग्रहापेक्षा खरी आहे.

या घराण्यातल्या एकाला मात्र दारात उभं करायचं नाही. काही यंत्रं जागा तर सांगतातच, वर उपग्रहामार्फत संदेशही पाठवतात. परदेशात गिर्यारोहक ती सर्रास बाळगतात. भारतात सरकारी परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे. परदेशातल्या नातेवाइकाने भेट म्हणून असं काही पाठवायची तयारी दाखवली, तर आधीच नको म्हणा. 2024 च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रासह आलेल्या परदेशी पाहुण्यावर कारवाई झाली होती.

पिवळ्याकडून एक काम कधीच करून घेऊ नये, ते म्हणजे उंची मोजणं. उपग्रह सगळे डोक्यावरच असतात, जमिनीखालून एकही संकेत येत नाही. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट निघते. जागेत तीन मीटर चुकणारा गडी उंचीत पाच-सहा मीटर चुकू शकतो. पाणलोटाच्या कामात याने घात होतो. टेकडीवर समतल चर खणायचे तर चराच्या दोन टोकांत वितभरही फरक चालत नाही. पाणी एका टोकाला साचतं आणि चर फोडून माती घेऊन खाली येतं. त्यासाठी पाण्याची नळी, ए-फ्रेम किंवा डंपी लेव्हल हीच खरी अवजारं. पिवळ्याने चर कुठल्या गटात आहे हे सांगावं, पातळी नळीने सांगावी.

शेवटचा मुद्दा नोंदवहीचा. यंत्र कितीही चांगलं घेतलं तरी आकडा चुकीचा उतरवला तर सगळं वाया. कडा साधारण 18 अंश 53 मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. एका अंशात 60 मिनिटं असतात, त्यामुळे दशांशात ते सुमारे 18.88 होतात. घाईत कुणी 18.53 लिहिलं, तर कड्याची विहीर नकाशावर 39 किलोमीटर दक्षिणेला, कर्जतच्या बाजूला जाऊन बसते. दशांशातला पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे एक मीटर आणि चौथा म्हणजे सुमारे 11 मीटर. चौथ्या आकड्यावर थांबलात, तर पिवळ्याने मेहनतीने काढलेले तीन मीटर तुम्हीच फेकून दिलेत. यंत्राच्या सेटिंगमध्ये 'डब्ल्यूजीएस 84' हेच मापन ठेवा. जुनं भारतीय मापन चुकून निवडलं गेलं तर सगळ्याच नोंदी एका दिशेला सरकतात आणि ते वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

मग घ्यायचं काय? दुकानात जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. मला किती मीटरची चूक परवडते? मी जिथे वापरणार तिथे रेंज आणि चार्जिंग असेल का? ही नोंद मला कुणाला दाखवायची आहे: स्वतःला, घरच्यांना, ग्रामपंचायतीला की न्यायालयाला? रस्ता, फोटो आणि घरच्यांना खुशाली यासाठी हातातला मोबाइल पुरेसा आहे. रोज रानात, उन्हात आणि पावसात नोंदी घ्यायच्या असतील, तर पिवळ्याच्या जातीचं, पेन्सिल सेलवर चालणारं साधं यंत्र घ्या. डोंगर चढायचा असेल तर होकायंत्रवालं घ्या. गाडीला ट्रॅकर बसवा. बांध, प्लॉट आणि वाटणीसाठी मात्र काहीही विकत घेऊ नका, मोजणीचा अर्ज करा आणि रोव्हरला येऊ द्या.

आणि यंत्र कोणतंही असो, त्याने सांगितलेल्या जागेबरोबर त्याने सांगितलेली चूकही वहीत लिहा. विहिरीच्या नोंदीपुढे 'अधिक-उणे 3 मीटर' असं लिहिण्याची सवय आपल्या गावातल्या प्रत्येक कृषी सहायकाने, प्रत्येक ग्रामरोजगार सेवकाने आणि प्रत्येक शेतकऱ्याने लावून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.